पात्र आणि पेशा

कादंबरीतील पात्रांविषयी वर्गात बोलताना आपण एक प्रश्न सहसा विचारीत नाही: या पात्राला करण्याजोगे काम पुरेसे आहे का? विचारण्याचे कारणही नसते. कादंबरीतील गौण पात्र तक्रार करीत नाही. तीनशे पानांत एकदाच दार उघडून निरोप देऊन जाणारा गडी लेखकाकडे येऊन आणखी एक प्रसंग मागत नाही. परंतु कथनाच्या कुळात एक भाऊबंद असा आहे, की जिथे प्रत्येक पात्रामागे एक जिताजागता माणूस बसलेला असतो. तो आठवड्याची सुट्टी खर्चून आलेला असतो, आणि आपल्या पात्राला तीन तास काहीच करायला मिळाले नाही तर पुढच्या खेपेस तो येत नाही. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या 'रोलप्लेइंग' खेळांविषयी आम्हांस लिहावेसे वाटते ते या कारणाने. पात्राचे वेगळेपण आणि पात्राची उपयुक्तता यांचे भांडण तिथे जितके उघड्यावर येते, तितके ते साहित्यात येत नाही. (या लेखातील 'आम्ही' म्हणजे कधी आम्ही एकटे आणि कधी आमचे सहा जणांचे टोळके, वाचकांनी संदर्भाने ओळखावे.)

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. या खेळाला पट नसला तरी चालते. पाचसहा जण बसतात, त्यांतील एक जण कथनकार होतो. त्याला बहुतेक ठिकाणी 'डंजन मास्टर' किंवा नुसते 'डीएम' म्हणतात. तो जग सांगतो: समोर ओलसर भिंतींचे भुयार आहे, टोकाला लोखंडी दार आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. परिणाम अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. सूत्रधार आहे, नट आहेत, संहिता मात्र नाही, आणि प्रेक्षक म्हणजे नटच. आमच्या गटात साहित्य शिकवणारे तिघे, वनस्पतिशास्त्र शिकवणारी एक मैत्रीण आणि संगणकाच्या धंद्यातले दोघे आहेत. पुण्यात एका घरच्या जेवणाच्या टेबलावर शनिवारी संध्याकाळी हा उद्योग गेली काही वर्षे चालू आहे. ताटे मांडायची वेळ झाली की राक्षस बाजूला सारावे लागतात.

पात्र घडवताना पहिला प्रश्न येतो तो 'क्लास' कोणता, हा. हा शब्द मराठीत आणायचा कसा, यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. 'वर्ग' म्हटले की एकतर फळा आठवतो, नाहीतर मार्क्स. 'क्लास' तसाच ठेवावा तर मराठी घरात त्याचा अर्थ शिकवणी. आणखी एक शब्द सगळ्यांच्या मनात येऊन गेला, पण तो कोणी उच्चारला नाही. त्याच्याकडे पुढे येऊ. शेवटी आम्ही 'पेशा' या शब्दावर थांबलो. लढवय्याचा पेशा, चोराचा पेशा, पुजाऱ्याचा पेशा. पेशा म्हणजे माणूस नव्हे, त्याचे काम. एवढे तरी त्या शब्दात स्पष्ट राहते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रकाशक होती अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावची 'टीएसआर'. शिशाच्या सैनिकांनी खेळायच्या युद्धखेळांतून तो निघाला होता आणि त्याच्या तीन पातळ पुस्तिकांत पेशे तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. पहिले दोन कोणत्याही लोककथेत सापडतील. तिसऱ्याची जन्मकथा मात्र विशेष आहे. आर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' या खेळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर झाले आणि ते कोणालाच आवरेना. त्याला वेसण घालण्यासाठी क्रूस उगारून पिशाच्चांना पळवून लावणारा धर्मपुरुष निर्माण केला गेला. पुढे त्याला जखमा बऱ्या करण्याची शक्ती आणि धारदार शस्त्र न वापरण्याचे बंधन मिळाले, आणि जादूच्या तलवारी लढवय्यासाठी राखीव राहिल्या. म्हणजे आधी पेशे झाले आणि मग त्यांच्या तोलाचा प्रश्न आला, असे घडलेच नाही. तिसरा पेशा मुळी तोल साधण्यासाठीच जन्मला.

खरी गुंतागुंत चौथ्या पेशापासून सुरू होते. चोराची, म्हणजे 'थीफ'ची कल्पना कॅलिफोर्नियातील काही खेळाडूंकडून गायगॅक्सपर्यंत पोचली आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत ती छापली गेली. तिच्यामागे फ्रिट्झ लायबरचा ग्रे माउझर आणि जॅक व्हान्सचा क्यूगेल हे दोन वाङ्मयीन पूर्वज उभे होते. दोघेही बुद्धीने जगणारे, बलवानांच्या जगातले सडपातळ लोक. असे पात्र खेळात हवे, याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नव्हते. प्रश्न ते आणण्याच्या रीतीचा होता. चोराला कामांची एक यादी मिळाली: कुलूप उघडणे, सापळे निकामी करणे, खिसा कापणे, आवाज न करता चालणे, सावलीत लपणे, उभी भिंत चढणे. प्रत्येक कामापुढे शेकडेवारी.

या यादीने काय केले? १९७४ च्या पुस्तिका घेऊन खेळणारा लढवय्या भिंतीपुढे उभा राहिला की म्हणे, 'मी चढतो. चिलखत काढून ठेवतो, दोर कमरेला बांधतो.' डीएम विचार करी आणि निवाडा देई. सापळ्याची शंका आली तर कोणीही काठीने फरशी ठोकून पाही, पाणी ओतून फट शोधी. हे सगळे बोलून करण्याचे काम होते, आणि खेळाचा बराचसा रस त्या बोलण्यात होता. यादी आल्यावर तेच काम चोराच्या नावावर लागले, आणि कोणी तसे लिहिले नसतानाही बाकीच्यांच्या नावावरून खोडले गेले. मीमांसकांच्या परिभाषेत सांगायचे तर दिसायला हा विधी, फलाने परिसंख्या: 'हे असे करू शकतात' या वाक्याचा खरा अर्थ 'इतर करू शकत नाहीत' असा निघाला. चोराची बाजू घेणारे म्हणतात की मूळ शब्द नीट वाचा. उभी, गुळगुळीत भिंत चढणे ही चोराची विद्या, खडबडीत भिंत कोणीही चढावी. गपचूप चालणे कोणालाही जमते, निःशब्द चालणे चोरालाच. हे वाचन आम्हांस मान्य आहे. परंतु नियमपुस्तकाचे वाचक असे विशेषणाला धरून वाचत नाहीत. ते यादी पाहतात आणि आपले नाव तीत नाही, एवढेच लक्षात ठेवतात.

बरे, ज्याच्यासाठी इतरांकडून एवढे काढून घेतले, त्याला तरी काय मिळाले? १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये पहिल्या पातळीच्या चोराची कुलूप उघडण्याची मूळ शक्यता २५ टक्के आहे, सापळा शोधण्याची २०, निःशब्द चालण्याची १५, सावलीत लपण्याची अवघी १०. भिंत मात्र तो ८५ टक्के वेळा चढतो. म्हणजे आपल्याच कामात चारांतून तीन वेळा नापास होणारा तज्ज्ञ. त्याची भरपाई म्हणून चोर लवकर वाढतो. दुसऱ्या पातळीसाठी त्याला १,२५१ अनुभव-गुण पुरतात, लढवय्याला २,००१ लागतात आणि जादूगाराला २,५०१. आता पुढचा हिशोब पाहावा. ५,००१ गुण झाले की चोर चौथ्या पातळीवर पोचतो आणि त्याची कुलपाची शक्यता ३७ टक्के होते. तेवढ्याच गुणांवर जादूगार तिसऱ्या पातळीवर येतो आणि त्याच्यासाठी दुसऱ्या श्रेणीचे मंत्र खुले होतात. त्यांत एक मंत्र कुलूप उघडण्याचा आहे, एक अदृश्य होण्याचा. दोन्हींना फासा लागत नाही. मंत्र आधी हाती लागावा लागतो आणि एकदा वापरला की त्या दिवसापुरता संपतो, हे खरे. तरीही ज्या एका दारासाठी रात्र जागवली, ते दार त्या एका मंत्राने उघडतेच. शेजारी चोर हातात हत्यारे घेऊन उभा असतो.

विशेषज्ञाच्या किमतीचा पहिला धडा आम्ही इथे वाचतो. पेशा अरुंद असेल तर त्या अरुंद पट्टीत तो निर्विवाद हवा. पट्टीही अरुंद आणि तिच्यावरही दुसऱ्याचे अतिक्रमण, हे सोसण्यासारखे नसते.

त्या काळच्या रचनाकारांना तोलाचे भान नव्हते असे मात्र कोणी समजू नये. त्यांचा तोल वेगळ्या मापाचा होता, इतकेच. पहिल्या पातळीचा जादूगार चार बाजूंच्या एका फाशाइतका जीव आणि दिवसाला एक मंत्र घेऊन भुयारात उतरतो. मांजराने ओरबाडले तरी मरेल अशी त्याची स्थिती. पाचव्या पातळीला तो अग्निगोल फेकतो आणि त्यानंतर लढवय्या त्याचे सामान वाहतो. हा तोल एका संध्याकाळी नव्हे, अनेक वर्षांच्या खेळात जुळायचा. आज सोसा, उद्या घ्या. कादंबरीत हे शोभते. विकासकादंबरीचा सारा व्यवहार अशा उधारीवरच चालतो. टेबलावर मात्र उधारी फेडायला टेबल टिकावे लागते. आमच्यासारख्यांच्या बदल्या होतात, मुलांची दहावी येते, आणि जादूगाराचे अच्छे दिवस येण्यापूर्वीच मोहीम मोडते. तेव्हा मागे उरतो तो फक्त सोसलेला भाग.

दुसरे माप दुर्मीळतेचे. 'ग्रेहॉक'मध्येच आलेला धर्मवीर, 'पॅलाडिन', होण्यासाठी व्यक्तिप्रभावाचा अंक किमान १७ लागे. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी केवळ ४ त्या घरात पडतात. म्हणजे सरासरी ५४ पात्रांमागे एक. दुर्मीळ म्हणून बलवान असला तरी चालेल, हा त्यामागचा विचार. पण दुर्मीळता हा लोकसंख्येचा गुण आहे, टेबलाचा नव्हे. आमच्या टेबलावर धर्मवीर असेल तर तो शंभर टक्के असतो. शिवाय १९७८ च्या पुस्तकात त्याला कडक आचारसंहिता आहे: दशांश दान, जादूच्या वस्तूंवर मर्यादा, दुर्जनांची संगत वर्ज्य. ऐकायला ही त्या शक्तीची किंमत वाटते. प्रत्यक्षात ती शेजारी भरतात, कारण धर्मवीर बसला की चोराने खिसा कापायचा की नाही, हे सगळ्या टेबलाला विचारावे लागते. एकाच्या व्रताचा उपास साऱ्या घराला घडावा, तसे ते होते. (कवींचीही सोय त्याच पुस्तकाने केली होती. 'बार्ड' व्हायचे तर आधी लढवय्या म्हणून किमान पाचवी पातळी गाठायची, मग चोरी शिकायची, आणि त्यानंतर ड्रुइडांच्या पायाशी बसायचे. नवकवींना शिफारस करावी असा हा अभ्यासक्रम आहे.)

आता त्या न उच्चारलेल्या शब्दाकडे. १९८१ साली टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेला 'बेसिक' संच निघाला. त्यात सात पेशे आहेत: क्लेरिक, फायटर, मॅजिक-यूजर, थीफ, आणि पुढे ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग. माणसाने चारांपैकी हवा तो पेशा निवडावा. ड्वार्फाचा पेशा ड्वार्फ. त्याला पुजारी होता येत नाही, चोर होता येत नाही. त्याच संचाच्या पुढच्या भागात हाफलिंगची वाढ आठव्या पातळीला थांबते, एल्फाची दहाव्या, ड्वार्फाची बाराव्या. जन्म हाच व्यवसाय आणि वर कमाल मर्यादा: मराठी वाचकाला इथे ठेच लागल्याशिवाय राहत नाही. खेळ सोपा करण्यासाठी हे केले गेले, त्यामागे काही सामाजिक सिद्धान्त नव्हता, आणि त्या संचावर जीव लावणारे खेळाडू आजही भरपूर आहेत. आमच्या टेबलावर एकाने उत्साहाच्या भरात असे म्हटले की साहसवीरांची टोळी म्हणजे बारा बलुतेदारांचे गावच. प्रत्येकाचे काम ठरलेले, कोणी कोणाच्या कामात हात घालायचा नाही, आणि म्हणून सगळ्यांना सगळ्यांची गरज. उपमा दिसायला सुबक आहे आणि म्हणूनच ती तिथल्या तिथे मोडून काढावी लागली. गावगाड्यात कोणी पेशा निवडला नव्हता, आणि ज्याच्या वाट्याला मेलेली गुरे ओढणे आले त्याला पुढच्या शनिवारी दुसरे पात्र घेण्याची मुभा नव्हती. परस्परावलंबन हे पेशांच्या वेगळेपणाचे समर्थन म्हणून पुढे केले जाते तेव्हा आमचे कान टवकारतात ते याच आठवणीने. टेबलावरचे परस्परावलंबन गोड लागते, कारण तिथून उठून जाता येते. (२०२४ च्या पुस्तकाने 'रेस' हा शब्द टाकून 'स्पीशीज' घेतला आहे. मराठीत त्यासाठी जीवशास्त्रातला शब्द आणला तर तो 'जाती' होतो, आणि आपली सुटका होता होता राहते.)

यानंतरचा इतिहास आम्ही भरभर ओलांडणार आहोत. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व पेशांना अनुभव-गुणांचा एकच तक्ता लावला, आणि त्यांच्यावर 'प्रेस्टिज क्लास' नावाचे उपपेशे चढवले. त्यांची पुढील पुस्तकांतून एवढी वीण वाढली, की प्रत्येक विशेषणाला एक पेशा मिळाला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने उलट टोक गाठले. तिने भूमिका चार ठरवल्या: रक्षक, प्रहारक, नेता, नियंत्रक, आणि पेशा कोणताही असो, त्याच्या शक्ती सारख्याच घाटात बसवल्या, काही हव्या तेव्हा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. तोल साधला. प्रत्येक चकमकीत प्रत्येकाला काम मिळाले. तिचे एक ऋण आम्ही मोकळेपणाने मानतो: पुजाऱ्याची परिचारिकेच्या कामातून तिने सुटका केली. तोवर पुजारी घेणारा खेळाडू आपली पाळी इतरांच्या जखमा बांधण्यात घालवी, आणि म्हणून तो पेशा सर्वांना हवा असे पण कोणालाच घ्यावासा वाटत नसे. आता एका शब्दात मित्राला सावरून त्याच पाळीत शत्रूवर घावही घालता येऊ लागला. तरीही पुष्कळांना ती आवृत्ती रुचली नाही, आणि त्यांचे म्हणणे निव्वळ हट्टाचे नव्हते. जादूगार आणि लढवय्या एकाच वाक्यरचनेत बोलू लागले होते. फरक होता तो विशेषणांचा. पात्रांची भाषा वेगळी नसेल तर संवाद सपाट होतो, हे नाटकाच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको.

आमचा स्वतःचा पेचप्रसंग आला तो २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, आणि तो 'रेंजर'मुळे. हा रानवाटांचा जाणकार. त्याचा मूळपुरुष टोल्किनचा अरागॉर्न, आणि १९७८ च्या पुस्तकात त्याला असे बंधन होते की तीनहून अधिक रेंजरांनी एकत्र वावरू नये, आणि स्वतःच्या व घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढीच संपत्ती बाळगावी. हा पेशा आमच्या वनस्पतिशास्त्रज्ञ मैत्रिणीने घेतला. तिची अर्धी हयात सह्याद्रीत पाने गोळा करण्यात गेली आहे. टेबलावर ती मुळात कमी बोलते. लढाईच्या डावपेचांत तिला रस नाही, आणि साहित्यवाल्यांच्या कोट्या ती सहन करते. पण मोहीम एका अफाट अरण्यातून जाणार होती, आणि तिने 'प्रिय भूप्रदेश' म्हणून अरण्य निवडले. दोन महिने ती त्या अरण्याची वाट पाहत होती.

आम्ही अरण्याच्या कडेला पोचलो तेव्हा आमच्या डीएमने नियम वाचून दाखवला. रेंजर आपल्या प्रिय भूप्रदेशात असेल तर बिकट वाटेने गटाची गती कमी होत नाही. जादूचा अपवाद सोडता गट वाट चुकत नाही. अन्न शोधले तर दुप्पट मिळते. डीएमने वही पाहिली, वाट चुकण्याचे आणि उपासमारीचे तक्ते बाजूला ठेवले आणि म्हणाला, 'बरं, मग सहा दिवसांनी तुम्ही पलीकडे बाहेर पडता.' टेबलावर आनंद झाला. मैत्रीण क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'मी जंगल निवडलं, म्हणून जंगल संपलं.'

त्यानंतर दोन शनिवार ती आली नाही. महाविद्यालयात काम आहे, असा निरोप होता.

तिचे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना, कारण चोरावरच्या साऱ्या वादात जे दिसले नव्हते ते त्यात होते. चोराचे दुःख अपयशाचे होते. फासा त्याच्या विरुद्ध पडे. रेंजरचे दुःख पूर्ण यशाचे होते. नियमाने तिला तिच्या विषयात इतके प्रवीण केले, की तो विषयच कथेतून वजा झाला. लढवय्याला असा नियम कोणी देत नाही. लढवय्या असेल तर लढाया आपोआप जिंकल्या जातात आणि त्यांचे वर्णन गाळावे, असे कुठल्याही पुस्तकात नाही. उलट लढवय्या असला की लढाई लांबते, रंगते, तिच्यासाठी पानेच्या पाने नियम असतात. यावरून रचनाकारांना कथा कुठे दिसते आणि अडगळ कुठे, ते कळते. जे लवकर उरकायचे ते विशेषज्ञाकडे सोपवले जाते.

म्हणून तोल हा शब्द आम्हांस अपुरा वाटू लागला. शक्तीच्या तराजूत रेंजर हलका की जड, हा वाद खेळाडूंनी पुष्कळ घातला. प्रकाशकांनीही २०२० च्या एका पुस्तकात त्या नियमाला पर्याय दिला, आणि २०२४ च्या हँडबुकातून तो नियम गेलाच. पण तराजू समतोल असूनही एका पात्राची बोलण्याची वेळच येऊ नये, हे शक्य आहे. व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांतील पात्रांची सात कार्यक्षेत्रे सांगितली, ती इथे उपयोगी पडतात. प्रॉपचा सहायक नायकाला नदीपार नेतो, अवघड कामगिरी पार पाडून देतो, आणि बाजूला होतो. सहायकाला स्वतःची कथा नसते. बहुतेक विशेषज्ञ पेशे सहायकाच्या साच्यात घडवलेले असतात आणि मग त्या साच्यात एक नायिका येऊन बसते. टेबलावर सगळेच नायक असल्यामुळे हा घोटाळा होतो.

त्या दोन शनिवारांत आम्ही इतर खेळांची पुस्तके चाळली. सँडी पीटरसन यांच्या १९८१ च्या 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये पेशा म्हणजे कौशल्यांचा नुसता गठ्ठा, आणि त्या कौशल्यांत ग्रंथालय वापरण्याचे कौशल्यही आहे. साहित्याच्या प्राध्यापकाला जीव वाचवण्याची संधी देणारा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाही. पण तिथे फासा उलटा पडला तर कपाटातले पुस्तक सापडत नाही, आणि पुस्तक न सापडल्याने तपास ठप्प होतो. यावर केनेथ हाइट यांच्या २००८ च्या 'ट्रेल ऑफ क्थुलू'ने उपाय योजला आहे. त्यातील 'गमशू' ही पद्धत रॉबिन लॉज यांची. योग्य विद्या असलेले पात्र योग्य जागी शोध घेते आहे ना? मग सुगावा मिळालाच, फासा नाही. पुराणवस्तूंचा जाणकार मूर्ती पाहतो आणि ती कुठली आहे हे त्याला कळतेच.

म्हणजे इथेही विशेषज्ञाला शंभर टक्के खात्री आहे, आणि रेंजरलाही होती. मग एक खात्री कथा पुढे ढकलते आणि दुसरी ती पुसून टाकते, ती का? आमच्या मते फरक असा की जाणकाराला मिळते ती माहिती, आणि माहितीतून नवा प्रश्न निघतो. मूर्ती अमक्या देशीची आहे, तर ती इथे कशी आली? रेंजरला मिळते ते विघ्नाचे निवारण, आणि निवारणाच्या पुढे रिकामी जागा असते. गंमत म्हणजे रेंजरच्या त्याच नियमांत, सर्वांत खाली, पहिल्या जातीचे एक कलम होते: माग काढताना किती जण गेले, केवढ्या आकाराचे होते आणि किती वेळापूर्वी गेले, हे नेमके कळते. ते कलम कोणी वाचले नव्हते.

तिसऱ्या शनिवारी आम्ही दोघे तिच्या घरी गेलो आणि डीएमने सौदा मांडला. वाट न चुकण्याचे कलम रद्द. त्याऐवजी अरण्यातल्या प्रत्येक दिवशी त्या अरण्याविषयी एक गोष्ट ती सांगेल, आणि ती सांगेल ते खरे. ओढा, पोळे, वणव्याची जुनी खूण, काहीही. धोका काय आहे ते डीएम ठरवेल. तिने विचारले, 'विषारी असलं तरी चालेल?' चालेल, असे ठरले.

त्या अरण्यातून बाहेर पडायला आम्हांस अकरा शनिवार लागले. पहिल्याच दिवशी तिने सांगितले की इथली कारवी फुललेली आहे. ती सात वर्षांनी फुलते आणि फुलून मरते, हे साहित्यवाल्यांना तिने तिथेच शिकवले. त्यावर डीएमला सात वर्षांपूर्वी इथे काय घडले होते ते रचावे लागले, आणि मोहिमेचा सगळा उत्तरार्ध त्यातून निघाला. लढवय्याने एकदा कुरकुर केली की हल्ली फार चालावे लागते. लढवय्या आमचाच होता. कुरकुर पात्राची होती, हे नमूद करतो.

सध्या टेबलावर नवा वाद आहे. आमच्यातील एक सहकारी भाषांतरकार आहेत आणि त्यांना दुभाष्याचा पेशा हवा आहे. डीएमने त्यांना सांगितले की या पेशाला जगात वाव नाही, कारण १९७४ पासून या खेळात 'कॉमन' नावाची एक भाषा आहे जी जवळजवळ सगळ्यांना येते, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी पहिल्याच श्रेणीचा एक मंत्र आहे, जो म्हटला की तासभर कोणतीही भाषा कळते. भाषांतरकार म्हणाले की मग आधी ती कॉमन काढा. काढली तर काय होईल, याचा हिशोब गेल्या शनिवारी मांडून पाहिला. एल्फ आणि ड्वार्फ एकमेकांशी बोलू शकणार नाहीत. धर्मवीराचे उपदेश चोराला कळणार नाहीत, आणि याला चोराची हरकत नाही. मंत्राने ऐकलेले कळते पण उत्तर देता येत नाही, हे मूळ नियमातच आहे, तेव्हा मंत्र ठेवायला भाषांतरकारांची ना नाही. प्रश्न राहिला तो एवढाच की प्रत्येक संवाद त्यांच्या तोंडून जाणार असेल तर ते जे सांगतील त्यावर बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा का. आणि त्यांनी मुद्दाम चुकीचे भाषांतर केले तर त्यासाठी फासा टाकायचा की नाही, यावर डीएमने आठवड्याची मुदत मागून घेतली आहे.